भोरड्यांच्या पोटातला दाणा

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नावही आता कुणाला सांगता येत नाही. लहानांनी ती ऐकावी, आणि आपल्याला सगळं कळतं असं वाटणाऱ्या थोरांनी तर जरूर ऐकावी.

त्या राज्यात एक मापारी होता. धान्य असो की जमीन, त्याचं माप म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्याला सख्खं असं एकच माणूस होतं, थोरली बहीण. आईमागे तिनेच त्याला वाढवलं होतं. ती अर्ध्या दिवसाच्या वाटेवरच्या गावात राही, आणि ज्वारी राखायला माळ्यावर उभी राहून गोफण फिरवी.

त्या मुलखात दर हिवाळ्याला भोरड्या येत. गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची ती पाखरं. थवा उतरला की शेत दिसेनासं होई. एका वर्षी कणसं भरली तसे गावोगावचे शेतकरी राजाकडे गेले. म्हणाले, "महाराज, पाखरं आम्हाला धुऊन नेतात. बंदोबस्त करा."

राजा दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर गोष्ट सोपी झाली असती. तो म्हणाला, "पाखरू झालं म्हणून काय, पुराव्याशिवाय शिक्षा नाही. मापाऱ्या, ही पाखरं खातात काय ते मोजून सांग."

मापारी कामाला लागला. सकाळी शेतांत जाळी लागत. जिवंत पाखरं टोपल्यांत भरून बैलगाडीने राजधानीला येत, तोवर दिवस कलत असे. मापारी एकेक पाखरू हातात घेई. चोच सव्वा अंगुळ, पंख सात अंगुळं, वजन सोनाराच्या काट्यावर सहा तोळे. मग पोट चिरून आतलं खाद्य वाटीत काढी. अशी हजार पाखरं त्याने पाहिली. बिचाऱ्याने एकही माप अंदाजाने टाकलं नाही.

हे कानावर आलं तशी त्याची आक्का चालत राजधानीला आली.

"काय निघालं रं पोटातनं?"

"दाणा, आक्का. नुसता दाणा. किडा औषधालासुद्धा नाही."

"असं कसं व्हईल? सकाळच्याला ती अळ्या टिपायला उतरत्यात. मी रोज बघती. दाणा त्यांच्या संगं खात्यात. मी काय त्यांच्या बाजूची न्हाई बाबा, शिव्या देऊन तोंड दुखतंय माझं. पर एक डाव शेतात येऊन बघ की."

"तू लांबून बघतेस, आक्का. मी पोट उघडून बघतो."

पोट उघडणाऱ्याशी वाद तरी काय घालायचा? आक्का आल्या पावली परत गेली.

मापाऱ्याने दरबारात निकाल सांगितला. हजार पोटं, सगळ्यांत दाणा. राजाने हुकूम काढला. लोकांनी जाळी लावली, फांद्यांना चीक फासला, भोरड्या मुक्कामाला बसत त्या बाभळींखाली धूर केला. तो हिवाळा असा गेला. पुढच्या हिवाळ्यात जे थवे आले, त्यांचंही तेच झालं. लोकांना वाटलं, पीडा टळली.

त्या दुसऱ्या हिवाळ्यात आक्काच्या गावाने मापाऱ्याला हुरड्याला बोलावलं. पाखरांचा कर्दनकाळ म्हणून गावकऱ्यांनी त्याला हार घातला, आणि सकाळीच सापडलेल्या दोन भोरड्या मोठ्या कौतुकाने पुढे ठेवल्या. आता शिवारात एवढ्याच उरल्या होत्या.

सवयीने मापाऱ्याने एक भोरडी तिथल्या तिथे चिरली. पोट अजून गरम होतं. त्यात चौदा हिरव्या अळ्या होत्या आणि तीन दाणे.

त्याने हुरडा बाजूला सारला. दुसरी भोरडी त्याने टोपलीत तशीच जिवंत ठेवली, आणि दिवस कलल्यावर चिरली. आत चार दाणे होते. अळी एकही नव्हती. मऊ होतं ते विरघळून गेलं होतं आणि टणक तेवढं मागे राहिलं होतं. हजार वेळा त्याने हे उरलेलंच मोजलं होतं. आपल्या हातून काय झालं ते त्याला पुरतं कळलं.

तो तसाच राजधानीला निघाला आणि राजाच्या पायांवर पडला. "महाराज, माझं चुकलं. हुकूम मागे घ्या. असतील नसतील तेवढी पाखरं वाचू द्या."

राजाने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "एका बाजूला हजार पोटं, दुसऱ्या बाजूला एक. मी एकाचं ऐकलं तर तो न्याय होईल का? मोजल्याशिवाय बोलू नये, हे तूच मला शिकवलंस. जा, आणखी हजार पाखरं मोज आणि मग ये."

मोजायला पाखरं होती कुठे?

पुढच्या वर्षी पाऊस सरला, ज्वारी गुडघ्याला लागली, आणि अळ्या निघाल्या. शेतामागून शेत त्यांनी देठापर्यंत खाल्लं. लोकांनी राख टाकली, चर खणले, देव पाण्यात घातले. काही उपयोग झाला नाही. माणसं आभाळाकडे डोळे लावून बसली, पण एकही थवा आला नाही. माघात कणगी रिकामी, फाल्गुनात गाव रिकामं.

गाव निघालं त्या दिवशी मापारी आक्काला वाटेवर गाठायला धावला. ती डोक्यावर गाठोडं घेऊन चालली होती. तिच्या अंगावर मूठभर मांस उरलं नव्हतं.

"आक्का, मला शिव्या दे," तो रडत म्हणाला. "काहीतरी बोल."

"तू खोटं बोलला न्हाईस, बाबा," आक्का म्हणाली. "खोटं बोलला असतास, तर कुणीतरी धरला असता तुला."

एवढं बोलून ती पुढे चालू लागली. शेजारच्या राज्याची शीव तिला गाठता आली नाही. अलीकडच्याच माळावर ती गेली, आणि मापाऱ्याने तिला तिथेच माती दिली.

मागे उरलेलं म्हणजेच घडलेलं असं धरून जो न्याय करतो, त्याला खरं कळतं तेव्हा वाचवायला कुणी उरलेलं नसतं.