शिंगाळ्याचा कळप

फार जुन्या काळी एका रानात निवडणूक झाली. गव्यांच्या कळपाचा पुढारी शिंगाळ्या एका सांबराला हरवून साऱ्या रानाचा प्रमुख झाला.

त्या उन्हाळ्यात पाणवठे आटले आणि एकच डोह उरला. भुरी नावाची म्हातारी गवी कळपाला घेऊन शिंगाळ्याकडे आली. "तुझ्यासाठी मतं मागत आम्ही दऱ्याखोरी पालथी घातली. आता सांबरांना डोहावर येऊ देऊ नकोस. नाहीतर कळप दुसरा पुढारी बघेल."

कळप गेला तर शिंगाळ्या एकटा पडणार होता. तरी तो म्हणाला, "मावशी, तुमचे उपकार मी विसरणार नाही. पण तहान साऱ्या रानाला लागली आहे. मला तुमच्या खुरांची मदत हवी आहे."

एवढं बोलून तो कोरड्या ओढ्यात उतरला आणि वाळू उकरू लागला. गवे नुसते बघत राहिले. शेवटी भुरीच पुटपुटली, "एकट्याला कसं जमेल याला?" ती उतरली, तसा सारा कळप उतरला. दिवस कलता कलता वाळूतून पाणी वर आलं.

हरलेलं सांबर तिथे आलं आणि म्हणालं, "पुढच्या वेळीही मी तुझ्याविरुद्धच उभा राहणार."

"खुशाल राहा," शिंगाळ्या हसला. "आधी पोटभर पाणी पी."

भुरीनं बाजूला सरकून सांबराला जागा करून दिली.