पाठकोरा कागद

"मग बुवा, परिसंवाद ठेवू की नुसती भाषणं?"

डॉक्टर गुंजाळ टेकडी चढून आले होते. धाप अजून ओसरायची होती, पण प्रश्न आधीच बाहेर पडला.

भिकनबुवा रंभा म्हशीच्या कासेशी उकिडवे बसले होते. त्यांचा मठ म्हणजे एक देऊळ, एक गोठा आणि बुवा. त्यातलं देऊळ तेवढं गळत नव्हतं.

"कसली भाषणं?"

"जनावरांच्या डॉक्टरांची परिषद आहे. सचिव मी आहे."

'मी'वर जरा जोर पडला. सचिवपद अंगात रुतलं होतं, गोचिडासारखं. काढायला गेलं तर कातडं यायचं.

पण आतून डॉक्टर धास्तावलेले होते. गेल्या वर्षी जेवणं झाली आणि सभागृहात चारच माणसं उरली. दोन वक्ते, एक माइकवाला, आणि चौथे अध्यक्ष, तेही घोरत. यंदा तसंच झालं तर परिषद कायमची बंद, असं मंडळानं बजावलं होतं. छापखाना सातला बंद व्हायचा. कार्यक्रमपत्रिका आजच छापायला द्यायची होती.

डॉक्टरांनी पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला.

"ऐका. आधी बीजभाषण. मग परिसंवाद. मग गटचर्चा. मग भित्तिपत्रकं. मग पाच-पाच मिनिटांची झटपट व्याख्यानं. मग गोलमेज..."

"मेज गोल मिळतंय का तिकडं?"

"नाही. चौकोनीच आहेत."

"बरं. वाच."

पलीकडच्या खुंटाला रंभेचं रेडकू बांधलं होतं. दावं ताणताणून ते ओरडायला लागलं.

"बुवा, त्याला गप्प करा हो! इथं महत्त्वाचं चाललंय."

"खरंय," बुवा म्हणाले. "पण रंभा आज पान्हा चोरतीय. तुझं होऊ दे, मी माझं बघतो."

डॉक्टर वाचत राहिले. बुवांनी कासेखालची बादली काढली आणि चरवी ठेवली. थोडं थांबले. चरवी काढून तांब्या ठेवला. मग पातेलं. मग देवळात जाऊन नैवेद्याची वाटी आणली.

रंभा रवंथ करत उभी. थेंब नाही.

"पितळ आवडत नसंल तिला," बुवा पुटपुटले. "डॉक्टर, स्टीलचा डबा हाय का तुझ्याकडं?"

आता मात्र डॉक्टरांचा पारा चढला. वीस वर्षांची प्रॅक्टिस, आणि समोर हा पोरखेळ!

"अहो, भांडी काय बदलताय! भांडं बघून म्हैस दूध देते का कुठं? आधी रेडकू सोडा! ते ढुशा देईल, मग पान्हा येईल. शेंबडं पोरही सांगेल!"

"आसं म्हणतोस?"

"असंच म्हणतो!"

बुवांनी दावं सोडलं. रेडकू धडपडत आलं आणि त्यानं कासेला दोन ढुशा दिल्या. रंभेनं मान वळवून त्याला चाटलं. सड टरारले.

बुवांनी हाताला लागलं ते भांडं खाली धरलं. चुळुक चुळुक आवाज सुरू झाला...

डॉक्टर विजयानं हसले. मग हसू जागच्या जागी थांबलं.

बुवांनी धोतराला हात पुसले आणि गठ्ठ्यातला वरचा कागद उचलला. उलटा केला.

"ह्या मागच्या अंगाला काय लिवलंय?"

"ते होय? सभासदांकडून प्रश्न मागवले होते. चाळीसेक आले. कुठल्याच सत्रात बसेनात. म्हटलं पाठकोरे कागद वाया कशाला घालवायचे..."

बुवांची शाळा दुसरीतच सुटलेली. बोट ठेवून, एकेक अक्षर फोडत ते वाचायला लागले.

"सर... इथं मी एकटीच डॉक्टर आहे. व्यायल्यावर म्हशीचं मायांग बाहेर आलं आणि मदतीला माणूस नसला... तर आत कसं बसवायचं? गेल्या महिन्यात दोन म्हशी गेल्या. कुणी... हातानं करून दाखवेल का?"

रेडकू चुटूचुटू पीत होतं.

 डॉक्टर खाली शेणातच मांडी घालून एकेक कागद उलटा करत बसले. तिसऱ्या कागदाला हसले. सातव्याला चष्मा पुसला. तोवर खाली गावात सात वाजून गेले.

बुवांनी फेसाळ दुधाची वाटी पुढं केली. डॉक्टरांनी ती एका दमात रिकामी केली. मिशी पांढरी झाली, ते कुणी सांगितलं नाही.

"बुवा, पटलं. चाळीसही प्रश्न घेतो. पण एवढं सांगा..." सचिवपद पुरतं उतरलं नव्हतं. "घ्यायचे कशात? परिसंवादात की गटचर्चेत?"

बुवा वाटी विसळायला उठले.

"कुठलंबी भांडं घे रे. धुतलेलं असलं म्हंजे झालं."