मठाच्या जीपचं गिऱ्हाईक

“पण माई, जो माणूस समोरच आलेला नाही, तो खरा की खोटा हे ओळखायचं कसं?”

मठ चालवणाऱ्या माई ओटीवर फणसाच्या आठळ्या सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

मठातच राहणाऱ्या भालचंद्रचा प्रश्न उगाच नव्हता. मठाची जुनी जीप विकायची म्हणून त्याने ती मोबाइलवरच्या लिलावात लावली होती. पहिल्या खेपेला एकाने सगळ्यांच्या वर बोली लावली आणि तो जो गडप झाला, तो पुन्हा फोनवरही आला नाही. गावात चेष्टा झाली. दूधवाला अजून विचारायचा, “काय भालूशेट, तुमचे राजेसाहेब निघाले का घरून?”

आता लिलाव पुन्हा लावला होता. या वेळी जमलं नाही तर जीप भंगारात, असं विश्वस्तांनी सांगून टाकलं होतं. भालचंद्रला ते नको होतं. माईंना घेऊन घाटाखालची एकेक वाडी तो याच जीपने फिरला होता.

म्हणून त्याने कडक नियम केले, आणि त्या नियमांचा त्याला जरा गर्वही होता. लिलावाच्या ॲपवरचं खातं नवीन असेल तर बाद. ओळखपत्राचा फोटो पाठवला नाही तर बाद. आधी कुणाशी व्यवहार केल्याची नोंद नसेल तर बाद. फार प्रश्न विचारले, तरी बाद.

“मग उरलं कोण?” माईंनी विचारलं.

“एक व्यापारी. त्याचं सगळं चोख आहे, माई.”

“त्याने जीपबद्दल काय विचारलं?”

“काहीच नाही.”

“आणि बाद झालेल्यांनी?”

भालचंद्र हसला. राजापूरकडची कुणी वत्सला गुरव होती, रोपवाटिका चालवणारी. तिने तर डोकं उठवलं होतं. पहाटेच्या गारठ्यात गाडी सुरू होते का, चढावर तापते का, मागे आंब्याची कलमं उभी राहतील का… वर म्हणे, बोली लावायच्या आधी येऊन बघते. खातं कालपरवा उघडलेलं, नोंद एकही नाही. त्याने तिला काढूनच टाकलं होतं.

माईंनी हातातली आठळी खाली ठेवली. पदराला हात पुसले.

“मला घ्यायचीय जीप. तपास मला.”

भालचंद्रला वाटलं, थट्टा आहे. पण माई सरळ बसून वाट बघत होत्या.

“ओळखपत्र?”

“असेल कुठेतरी ट्रंकेत.”

“याआधी असा व्यवहार?”

“नाही केला.”

“खातं कधीचं?”

“हे काय, आत्ताच उघडलं.”

भालचंद्र मोबाइलकडे बघायला लागला.

“बोल की रे.”

“… बाद, माई.”

“बरं,” म्हणून त्या पुन्हा आठळ्या सोलायला लागल्या. चेहऱ्यावर रागाचा लवलेश नव्हता.

अंगणात जीप उन्हात उभी होती.

“भालू, तू पहिल्यांदा या पायरीवर येऊन उभा राहिलास, तेव्हा मी तुला काय विचारलं होतं?”

त्याला आठवायला वेळ लागला नाही. घरातून भांडून निघालेला तो, अंगात ताप, नाव सांगायचीही लाज वाटत होती…

“जेवलास का, म्हणून.”

“आणखी काय?”

“आणखी… काही नाही.”

माईंनी मान डोलावली. पुढची आठळी उचलली.

भालचंद्रने मोबाइल उघडला. वत्सला गुरवचं नाव पुन्हा लिलावात घेतलं आणि तिला फोन लावून सांगितलं, लिलाव उद्या संध्याकाळी संपतोय, त्याच्या आत येऊन गाडी बघून जा.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने ती आली. ओटीकडे न वळता आधी जीपपाशी गेली आणि पदर खोचून, खाली वाकून गाडीच्या पोटाखाली बघत राहिली. भालचंद्र रात्रीपासून ठरवलेले प्रश्न मनात घोळवत मागे उभा होता. ती उठली, तेव्हा तिच्या कपाळाला काळं ऑइल लागलं होतं आणि ओठ उन्हाने सुकले होते.

त्याने तोंड उघडलं.

“जेवलात का?”

वत्सला गोंधळली. घाईघाईने पिशवीत हात घालून शोधायला लागली.

“थांबा दादा, आधी ओळखपत्र तर बघा. तुम्हीच मागितलं होतं ना…”

“ठेव गं ते आत,” माई ओटीवरून म्हणाल्या, “भालूचंच ओळखपत्र अजून बघायचं राहिलंय माझं.”