काचेच्या छताखालचं ऊन

“...पण चूक कुठं आहे, तेवढं तरी सांगाल की नाही, उस्ताद?”

इलाही उस्तादांनी बशीतल्या चहावर फुंकर मारली.

“अजून न्हाई.”

“म्हणजे? अजून सांगणार नाही, की अजून जमलं नाही?”

“दोन्ही.”

झालं! नेमगोंडा पाटलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मिरजेत मालगाव रस्त्याला इलाही उस्तादांचं गाड्यांच्या सीटकव्हरचं वर्कशॉप होतं. पत्र्याची शेड, पुढं अंगण, अंगणात कडुनिंब आणि त्याखाली एक बाक. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेमूची शिलाई मशीन, आणि मशीनवर ऊन येऊ नये म्हणून ताणलेलं एक जुनं तरट. नेमू पहिल्यांदा कामाला आला तेव्हा उस्तादांनी स्वतःच्या हातानं ते बांधलं होतं. दर उन्हाळ्यात त्याच्या दोऱ्या बदलायचे, त्याही तेच.

अकरा वर्षं नेमू त्या तरटाखाली बसला. हात तर असा बसला की काय सांगावं! त्यानं घातलेला टाका बोट फिरवून सापडत नसे. खोट एकच. हे सगळं त्याला स्वतःला जरा जास्तच ठाऊक होतं.

उस्तादांच्या दुकानाची एक रीत होती. शिकून तयार झालेला गडी स्वतःचं दुकान टाकायला निघाला की उस्ताद ज्या कात्रीनं स्वतः कापायचे, तीच त्याच्या हातात द्यायचे. मग बाजारातून नवी आणायचे. एरवी त्या कात्रीला कुणी बोट लावायचं नाही. आजवर अशा पाच कात्र्या बाहेर पडल्या होत्या.

परवा अक्षय्य तृतीया. जयसिंगपुरात नेमूनं गाळा घेतला होता, पाटी रंगवून झाली होती, घरच्यांनी पाव्हण्यांना सांगितलंही होतं. राहिली होती फक्त कात्री. तिच्यावाचून दुकान उघडलं असतं तर कुणी पोलीस येऊन धरणार नव्हते. पण अकरा वर्षं ज्यांच्यापुढं मान खाली घातली त्यांचा हात पाठीवर न पडताच निघायचं, हे काही त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं.

“शेवटचं एक काम कर,” उस्ताद म्हणाले होते. “ते जमलं की जा.”

काम साधं होतं. कवठेमहांकाळच्या हेमलता कुरुंदवाडे या शाळामास्तरीण बाईंची गाडी. छताला पुढून मागपर्यंत सनरूफची लांबलचक काच, मध्ये फक्त एक आडवी दांडी. बाई वडलांना, तात्यांना, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला मिरजेच्या दवाखान्यात आणायच्या. तात्या मागच्या सीटवर आडवे. वरून काचेतलं ऊन थेट तोंडावर. तर त्या काचेला पडदा हवा होता, ओढला की पसरणारा आणि सोडला की आपोआप रुळावर गुंडाळून जाणारा.

नेमूनं पहिला केला. उस्तादांनी एकदा ओढला, सोडला. “अजून न्हाई.”

दुसरा केला. “अजून न्हाई.”

तिसऱ्याला तर त्यांनी हातही लावला नाही.

आणि आज हा चौथा. नेमूनं रात्रंदिवस एक करून शिवलेला.

“अहो, बघा तरी नीट!” तो गाडीचं दार उघडून म्हणाला. “मागून पुढपर्यंत अखंड कापड. मध्ये जोड नाही, झोळ नाही. पुढं आकड्यात अडकवला की काच गडप. सोडला की सटकन मागं जातो. एक किरण आत येतो का दाखवा. एक! आत्ता पाटी पुसून टाकतो.”

उस्ताद गाडीकडं बघत राहिले...

“नेमू, ऊन कुणाचं अडवलंस?”

“कुणाचं म्हणजे? उन्हाला काय नाव-गाव असतं होय?”

उस्तादांनी बशी खाली ठेवली. शेडमधून रेक्झिनची एक लांब पट्टी उचलून आणली.

“चप्पल काढ. मागं आडवा हो.”

“मी?”

“मग काय मी होऊ?”

नेमू आडवा झाला. उस्तादांनी त्याचा डावा हात पट्टीनं अंगाशी बांधला. “ह्यो तात्यांचा डायलिसिसच्या सुयांचा हात. ह्याला हलवायचं न्हाई.” मग त्यांनी गाडी अंगणात भर उन्हात घेतली, खिडक्या चार बोटं खाली केल्या, पुढून पडदा ओढून आकड्यात अडकवला आणि दार लावून बाकावर जाऊन बसले.

डोक्यावर गडद काळोख. नेमूला हसू आलं. वा रे पठ्ठ्या! वैशाखातल्या दुपारी बारा वाजता गाडीत रात्र केली होती त्यानं.

थोडा वेळ गेला...

वर काळं कापड. खाली सीट. बाहेर कावळा ओरडत होता, रस्त्यावरून ट्रक गेला. नेमू कापडाकडं बघत होता. कापडात बघण्यासारखं होतं तरी काय? टाकेसुद्धा दिसत नव्हते.

आणखी थोडा वेळ गेला... उस्ताद आहेत का गेले, तेही कळेना.

“आरं बाप रे!” बाहेरून उस्तादांचा आवाज आला. “केवढा थवा!”

“कसला हो?”

“पोपटांचा. पार शेडवरनं चाललाय. शंभर तरी असतील. काय हिरवागार हाय!”

“उस्ताद, पडदा सोडा की जरा!”

“तूच सोड.”

नेमूनं उजवा हात लांबवला. आकडा पुढं, पार ड्रायव्हरच्या डोक्यावर. हात पोचेना. खांदा उचलला, मान ताणली. तरी हातभर कमी.

“अहो, पोचत नाही!”

त्यानं टाच सीटवर रोवून पुन्हा हात टाकला.

“उस्ताद! ...अहो, जातील ना ते!”

“गेले.”

नेमू तसाच पडून राहिला. पोपट काही त्यानं आयुष्यात पाहिले नव्हते असं नाही. पण ते गेल्याचं त्याला इतकं वाईट वाटलं की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

उस्तादांनी दार उघडलं, पट्टी सोडली. नेमू बाहेर येऊन बाकावर बसला. आधी वर पाहिलं. निळंभोर आभाळ, एक पाखरू नाही.

“खरंच होते का पोपट?”

उस्तादांनी मिशीतल्या मिशीत हसून घेतलं आणि विचारलं, “माप घेतलंस त्या दिवशी तात्या कुठं हुतं?”

“इथंच. ह्या बाकावर.”

“का?”

“का म्हणजे? माप घ्यायच्या आधी गाडी रिकामी करून घेतो आपण. तुम्हीच शिकवलंय.”

“व्हय,” उस्ताद हळू आवाजात म्हणाले. “मीच शिकवलंय.”

त्यांनी रेक्झिनची पट्टी गुंडाळून बाजूला ठेवली.

“तास-दीड तास बसलं हुतं ते. काय बोललास त्यांच्यासंगं?”

नेमूनं मान खाली घातली. काचेची लांबी, रुंदी, छताचा बाक, सगळं त्यानं वहीत टिपलं होतं. तात्यांचा चेहरा मात्र त्याला नीट आठवेना. शरमेनं त्याचे कान तापले.

“मी बोललो,” उस्ताद म्हणाले. “पाणी जास्त चालत न्हाई म्हणून बशीत घोटभर चहा घेतला त्यांनी. बेदाण्याच्या शेडवर चाळीस वर्षं काढल्यात. बेदाणा सावलीत वाळतो, ठावं हाय न्हवं? पर शेडचं पडदं कधी उठवायचं नि कधी सोडायचं, ते आभाळाकडं बघून ठरवायला लागतं. चाळीस वर्षं त्यांनी ठरवलं.”

एवढं बोलून त्यांनी आपली बशी उचलली आणि आत निघून गेले.

नेमू उठला. टेप खिशात घातली आणि तडक स्टँडवर जाऊन कवठेमहांकाळची एसटी पकडली.

तात्या ओसरीवर खाटेवर पडले होते. नेमूनं ओळख सांगितली, पाया पडला आणि म्हणाला, “तात्या, तुमच्या हाताचं माप घ्यायचंय.”

“का रं? कोट शिवतोस काय माझ्या लग्नाला?”

“पडदा शिवतोय.”

“पडद्याला हाताचं माप?” तात्यांनी लेकीकडं पाहिलं. “हेमे, ह्याला आधी ताक दे. ऊन लागलंय त्याला.”

नेमू हसला. मग त्यांना गाडीत झोपतात तसं झोपायला सांगितलं. उजवा हात न ताणता कुठवर जातो ते मोजलं. आपला पंजा त्यांच्या पंजात दिला आणि म्हणाला, “ओढा बघू.” तात्यांनी ओढला. केवढा हलका झटका! नेमूला आपली ती सटकन जाणारी स्प्रिंग आठवली. ती ह्या हातानं कुठली ओढली जाणार!

ताक पिऊन निघताना त्यानं विचारलं, “तात्या, रस्त्यानं येताना काय बघता?”

“बघतोय काय! आता तू काळं लावणार म्हणं.” तात्यांनी तोंड फिरवलं. “लाव बाबा. माझं ऊन जाऊ दे. लेकीचा जीव तुटतो.”

नेमू मिरजेत परतला तेव्हा उन्हं उतरणीला लागली होती. तो सरळ उस्तादांपुढं जाऊन उभा राहिला.

“उस्ताद, कापड मधोमध कापायचंय. जाड आहे, माझ्या कात्रीनं कड विसकटेल. तुमची देता?”

उस्तादांनी काड्याची पेटी द्यावी तशी कात्री त्याच्या हातात दिली. नेमूच्या ते ध्यानातही आलं नाही. तो कापडापाशी जाऊन बसला. अखंड, बिनजोड, तीन वेळा उसवून साधलेलं कापड... एकदा त्यावर हात फिरवला आणि कात्री चालवली.

पुढच्या काचेचा तुकडा त्यानं वेगळा केला, ड्रायव्हरसाठी. मागच्या काचेचा वेगळा. त्याचा रूळ छताच्या मधल्या दांडीवर बसवला, म्हणजे पडदा आता पुढून मागं, झोपलेल्या माणसाकडं यायचा. कडेला एक सुती नाडी बांधली, मागच्या कडीतून ओवून खाली सोडली. नाडीच्या टोकाला कापडाचं मऊ वेढं, बरोबर तात्यांचा हात पोचेल तिथं. सीटच्या कडेला ओळीनं तीन बटणं. वेढं ज्या बटणात अडकवावं तेवढीच सावली. मग त्यानं स्प्रिंगचे पीळ सोडायला घेतले. एक सोडायचा, करंगळीनं ओढून बघायचा. पुन्हा एक सोडायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेमलताबाई शेजाऱ्यांच्या गाडीतून तात्यांना घेऊन आल्या. दवाखान्याची वेळ अजून व्हायची होती. नेमूनं तात्यांना धरून मागच्या सीटवर झोपवलं आणि काही न बोलता वेढं त्यांच्या हातात दिलं.

तात्यांनी ओढलं. सावली आली. सोडलं. पडदा संथपणे पुढं दांडीकडं सरकला आणि आभाळ उघडलं. पुन्हा ओढलं. पुन्हा सोडलं. अर्ध्यावर अडकवून बघितलं, पाव करून बघितलं. बाई म्हणाल्या, “तात्या, पुरे हो, तुटेल!” तात्या कुठले ऐकतात! पुन्हा एकदा सोडलं आणि तसेच वर बघत राहिले.

“हेमे.”

“काय हो?”

“पच्छिमेला ढग धरतोय. शेडवर फोन लाव. तीनच्या आत पडदं खाली सोडा म्हणावं, बेदाणा भिजंल.”

बाईंनी फोन काढला, पण त्यांना नंबर दिसेना. डोळे भरून आले होते.

“चार महिन्यांनी माझ्यापाशी शेडचं नाव काढलं त्यांनी,” त्या नेमूला म्हणाल्या. “चार महिन्यांनी.”

नेमूनं उगीचच सीटवरची नसलेली धूळ झटकली.

गाडी गेली. रस्त्याच्या वळणापर्यंत काचेतला पडदा मागं-पुढं होताना दिसत होता.

नेमू परत आपल्या मशीनपाशी आला. फळीवर उस्तादांची कात्री पडली होती. त्यानं ती पुसली आणि दोन्ही हातांत धरून त्यांच्याकडं गेला.

“घ्या उस्ताद. काल घेतलेली राहिलीच.”

उस्तादांनी हात पुढं केला नाही.

नेमूनं एकदा कात्रीकडं पाहिलं. मग उस्तादांकडं. आणि आत्ता कुठं त्याच्या डोक्यात उजेड पडला. 

“नको उस्ताद... आणखी वर्षभर राहू द्या मला. पाटी काय, पुढच्या अक्षय्य तृतीयेला लावू. मला अजून काहीच येत नाही हो. ह्या तरटाखाली बसतो, तुम्ही सांगाल ते करतो.”

उस्ताद उठले. गुडघ्यावर हात ठेवत, सावकाश, मशीनपर्यंत चालत गेले. तरटाची एक दोरी सोडली. मग दुसरी. अकरा उन्हाळे ताणलेलं तरट त्यांनी खाली घेतलं, नीट गुंडाळलं आणि काखेत मारलं.

सकाळचं लख्ख ऊन नेमूच्या तोंडावर आलं. त्यानं कात्रीसकट हात डोळ्यांवर धरला.

“उस्ताद... ऊन!”

“व्हय,” इलाही उस्ताद म्हणाले. “तुझंच हाय ते.”