न विचारलेली वाट

फार मागे, डोंगराच्या अल्याड एक राज्य होतं आणि पल्याड दुसरं, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनी तर जरूर ऐकावी.

अल्याडची एक कासारीण तट्टावर बांगड्या लादून पल्याड विकायला जायची. तिकडची बोली अगदी निराळी. पण बाई मोठी हुशार! बायकांच्या हातात बांगड्या भरता भरता चार वर्षांत तिनं ती बोली अशी उचलली, की ऐकणाऱ्यानं तोंडात बोट घालावं.

"तू इकडचीच ना गं?" बायका विचारायच्या.

कासारीण नुसती हसायची. हो नाही, की नाही नाही. मनात मात्र गुदगुल्या व्हायच्या.

एके सकाळी ती नव्या गावाला निघाली. वाटेत नदी आडवी आली. काठावर एक म्हातारा कोळी जाळं विणत बसला होता.

"बाबा, पलीकडे जाते हं," ती त्याच्याच बोलीत म्हणाली.

"जा की, पोरी. इथल्या माणसाला मी काय सांगायचं?"

आता नदी ओलांडायला उतार कुठून आहे, हे तिला कुठं ठाऊक होतं! प्रश्न अगदी ओठांवर आला. पण विचारलं की पितळ उघडं पडणार. तिनं प्रश्न गिळला आणि समोर दिसलं तिथं तट्टू पाण्यात घातलं.

दहा पावलं गेली नाहीत तोच तट्टू पोटापर्यंत वाळूत रुतलं. धडपडे तसतसं आणखी खाली जाई. शिंगरू असल्यापासून तिनं ते वाढवलेलं. त्याच्यावाचून तिला जगात दुसरं कोण होतं? म्हाताऱ्याचं डोकं तर जाळ्यात खुपसलेलं.

"बाबा, धावा हो! मी इथली नाही! मला ही नदी ठाऊक नाही!"

म्हातारा दोर घेऊन धावला. "आधी ओझं तोड!" तो ओरडला.

तिनं दोऱ्या कापल्या. वर्षभराच्या कमाईच्या बांगड्या डोळ्यांदेखत वाळूनं गिळल्या. मग दोघांनी दोर लावून तट्टाला कसंबसं काठावर ओढलं. त्याच्या गळ्यात पडून ती हमसून हमसून रडली.

"अगं वेडे," म्हातारा म्हणाला, "परका दिसला की आम्ही त्याला हाताला धरून वरच्या खडकावरून नेतो. तू आमचीच वाटलीस म्हणून गप्प राहिलो. एका शब्दानं विचारायचंस तरी!"

"तुम्ही मला इथली म्हणालात ना, बाबा," ती डोळे पुसत म्हणाली, "ते फार गोड लागलं हो."

रिकामं तट्टू घेऊन ती आल्या पावली घरी परतली.

तात्पर्य हेच, की लोकांनी आपल्याला जाणतं समजलं तरी जे ठाऊक नाही ते विचारायला लाजू नये.