कोठीतला वायफाय

डोंगराआडच्या एका गावात एक काकू राहत होती. त्या गावात मोबाईलला रेंज म्हणून यायची नाही. टेकाडावर चढा नाहीतर झाडावर. काकूची लेक दूर परदेशी नांदत होती. तिने आईच्या घरी तारेवरून वायफाय बसवून दिला. साऱ्या आळीत तेवढा एकच.

त्या आळीची एक रीत होती. शेजारून वाटीभर काही आणलं, तर वाटी रिकामी परत करायची नाही. विरजण आणलं तर दोन मिरच्या घालून द्यायच्या. काही नसलं तर चिमूटभर साखर. काकू या रीतीची मोठी पक्की.

वायफाय आला आणि आळी काकूच्या ओट्यावर येऊन बसली. पासवर्ड म्हणजे लेकीचं नाव. तो ओळखायला काय विद्या लागते? शिंपीण ब्लाउजचे गळे बघायची, तिची सासू कीर्तन ऐकायची, गवळीण म्हशीचं औषध शोधायची. इकडे काकूचा जीव खालीवर.

"फुकट्या मेल्या!" ती कडाडली. "विरजणाची वाटी भरून आणता. याची वाटी कशाने भरणार गं?"

"काकू, तुमच्या दिव्याचा उजेड अंगणात पडतो, तसंच हे," शिंपीण म्हणाली.

"मग दिवाही आत नेते!"

पासवर्ड बदलता आला असता. पण कसा, ते विचारायचं शिंपिणीलाच! पत्र्यातून वायफायच्या लहरी बाहेर पडत नाहीत, असं काकूने त्याच वायफायवर ऐकलं होतं. तिने वायफायचा डबा उचलला आणि ज्वारीच्या रिकाम्या पत्र्याच्या कोठीत ठेवला. खालच्या तोंडातून वायर घेतली, वर झाकण घातलं. ओटा ओस पडला. काकू खुदकन हसली. मग स्वतःचा मोबाईल पाहिला, तर त्यातलाही वायफाय गेलेला!

झालं. आता लेकीशी बोलायचं तर स्टुलावर चढायचं, कोठीत उतरायचं, वरून झाकण ओढायचं आणि गुडघे हनुवटीला लावून बसायचं.

"आई, एवढा अंधार का गं?"

"देवघरात बसलेय," काकू ठोकून द्यायची.

पुढे लेकीला मुलगी झाली. लेक म्हणाली, "आई, बारशाला इथे पाळणा म्हणणारं कोणी नाही. माझ्या वेळी आळीने म्हटला होता ना, तोच हवा. सगळ्यांना बोलाव हं."

बोलावणार कोणत्या तोंडाने? बाराव्या दिवशी काकू जरीचं लुगडं नेसून, नथ घालून एकटीच कोठीत उतरली. पाळणा सुरू केला. पत्र्यात आवाज असा घुमला की तिकडे बाळाने टाहो फोडला. त्यात दुसरं कडवं आठवेना. ते नेहमी शिंपिणीची सासू उचलायची.

"आई, बाकीच्या कुठे आहेत?" लेकीचे डोळे भरून आले.

काकूने डोक्यानेच झाकण ढकललं. ते दणदणत फरशीवर पडलं.

"अगं शिंपीणबाई! गवळणी! या गं सगळ्या!"

आळी धावत आली. बघतात तर कोठीतून काकूचं मुंडकं वर आलेलं, नाकात नथ.

"अगं बाई! ज्वारीच्या जागी काकू!" शिंपीण म्हणाली.

"दात काय काढतेस? वर ओढ मला. आणि... पाळणा म्हणा गं. लेक खोळंबलीय."

चौघींनी काकूला उपसलं, डबाही खिडकीत मांडला. लगेच सगळ्यांचे मोबाईल टिंगटिंग वाजू लागले आणि इकडे काकूच्या मोबाईलमधलं बाळ तोंड उघडल्या जागी अडकून बसलं.

"मोबाईल बंद करा गं आपापले!" शिंपीण ओरडली. सगळ्यांनी केले. बाळ पुन्हा हललं. पाळणा सुरू झाला, सासूने दुसरं कडवं उचललं, आणि तिसऱ्याला बाळ झोपलं. लेक रडत रडत हसली.

निघताना शिंपीण म्हणाली, "काकू, वाटी रिकामी नाही ना परत केली?"

"काठोकाठ भरलीस, मेले." काकूने पदराने नाक पुसलं. "उद्या ये गळे बघायला. आणि तो पासवर्ड बदलून दे मला."

शिंपिणीचा चेहरा उतरला. "बदलायचाय?"

"मग? नातीचं नाव घालायचंय. घातलंस की आळीभर सांगून ये."

तात्पर्य: वाटून न सरणारी गोष्ट झाकायला गेलं, की झाकणाखाली आधी आपणच बसतो.