करवंटीभर गोड पाणी

चेमूल बंदरावर राजा मेघवर्मा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व वरुणदत्त नावाचा तांडेल होऊन समुद्रावर गलबत हाकारीत असे. त्याचा जन्म मात्र बंदरातला नव्हे. भर समुद्रात, प्रवाळाच्या खडकांनी वेढलेल्या शंखबेटावर तो जन्मला आणि त्याची म्हातारी आई अजून तिथेच राहत होती. खडकांमधून गलबत आत न्यायची वाट बंदरात एकट्या त्यालाच ठाऊक. वर्षातून एकदा तो तिथे जाई, आठ दिवस आईच्या हातचे खाई आणि परतताना माडांचे शेंडे दिसेनासे होईपर्यंत मागे वळून पाहत राही.

बेटावर विहीर एकच. पावसाचे पाणी वाळूत मुरून तिच्यात साचे आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर दुधावरच्या सायीसारखे तरंगत राही. म्हणून तिथली रीत अशी, की विहिरीत घडा बुडवायचा नाही, करवंटीने वरवरचे पाणी घ्यायचे. आणि पाहुण्याने आपले पाणी आपल्याबरोबर आणायचे.

वरुणदत्त बेटाबद्दल बोलू लागला की ऐकणाऱ्याला तहानभूक आठवत नसे. असेच ऐकून ऐकून बंदरातला व्यापारी पूर्णक शेट हट्टाला पेटला. "तांडेल, एकदा तरी डोळ्यांनी दाखवा हो!"

खोटे कशाला सांगा, आपले घर चारचौघांना दाखवावे असा मोह बोधिसत्त्वालाही झाला. त्याने शेट आणि त्याचे साठ सोबती गलबतात घेतले, बेटाची रीत समजावली. सर्वांनी माना डोलावल्या.

शेट माणूस वाईट नव्हता. भला होता, आणि तिथेच तर घोटाळा झाला! बेटाने इतका जीव लावला, तर जाताना काही पुण्य करून जावे असे त्याच्या मनाने घेतले. चेमूलला विहीर उपसली की गाळ निघतो, झरे मोकळे होतात, पाणी आणखी गोड लागते. तांडेल आईबरोबर पलीकडच्या किनाऱ्यावर मासळी वाळत घालीत होता, तेवढ्यात साठ जणांनी गाणी म्हणत विहीर तळापर्यंत उपसली.

दुपारी ती पुन्हा भरली. आईने करवंटी तोंडाला लावली आणि घोट थुंकून टाकला. पाणी खारट!

"अहो आई, आम्ही चांगल्यासाठीच…" शेट हात जोडून म्हणाला.

"ठाऊक आहे मला," आई म्हणाली. "आता पावसाच्या पाण्याची साय धरेल तेव्हा धरेल. तोवर आम्ही शहाळ्यांवर जगू. पण दारी आलेल्याला शहाळे फोडून दिल्याशिवाय आमचा हात राहत नाही. म्हणून आता कुणी येऊ नका."

"मीही नको?" वरुणदत्ताने विचारले.

"तू तर मुळीच नको. तू आलास की मी माझ्या वाटणीचे तुलाच पाजीन. माझा मला भरवसा नाही रे. पाणी गोड झाले की करवंटी भरून पाठवीन."

त्यानंतर तो दरवर्षी गोड्या पाण्याचे घडे घेऊन जाई, पण खडकांबाहेरच नांगर टाकी. बेटावरचा गोमा होडी घेऊन येई, घडे नेई आणि एक करवंटी देई. बोधिसत्त्व चाखून पाही. मचूळ. मग तो गोमाला एवढेच विचारी, "आई?"

"आहे. डोळे अधू झालेत."

माडांतून तिच्या चुलीचा धूर दिसे. आत शिरायची वाट समोर उघडी असे. त्याचा जीव तीळ तीळ तुटे, पण नांगर उचलला जाई तो परतण्यासाठीच. बंदरात बेट पाहायला आसुसलेले लोक त्याच्यापुढे सोन्याच्या थैल्या ठेवीत. "वाट ठाऊक आहे, पण नेणार नाही," असे सांगून तो त्या परत करी. पूर्णक शेट मात्र दरवर्षी बरोबर येई आणि सगळे घडे स्वतः भरी.

सातव्या वर्षी वरुणदत्ताने करवंटी ओठांना लावली आणि तो ढसाढसा रडू लागला. पाणी गोड होते.

"उतरा, तांडेल," शेट म्हणाला. "आम्ही गलबतावरच थांबतो. गोमाच्या होडीतून एकटे जा."

आई किनाऱ्यावर उभी होती. तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. उन्हातून आलेल्या वरुणदत्ताने रीतीप्रमाणे कमरेचा आपला पाण्याचा भोपळा सोडला आणि पिण्यासाठी वर उचलला. आईने तो हाताने बाजूला सारला.

"ते पाहुण्यांनी प्यायचे," ती म्हणाली आणि विहिरीवरची करवंटी तिने त्याच्या तोंडाशी धरली. "तू घरचा आहेस. पी."

एवढी कथा सांगून भिक्षूंचे गुरू शास्ते त्यांच्याकडे वळले. मग म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा पूर्णक शेट म्हणजे विहाराच्या घागरी रोज न सांगता भरून ठेवणारा हा आपला सुमन. ती आई म्हणजे महाप्रजापती गौतमी. आणि खडकांबाहेर सात वर्षे थांबलेला तांडेल मीच होतो. जिथे जीव गुंतला, त्याच्याच भल्यासाठी त्याच्यापासून दूर थांबता येणे, ही क्षांतिपारमिता, सहनशीलतेची परिपूर्णता."